पडद्यासमोरचे ताट

(पालकांच्या मेळाव्यातील भाषणाचा पूर्ण पाठ)



बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातील एक दृश्य आता तालुक्याच्या गावीही पाहावयास मिळते. 'काही खातच नाही' अशी तक्रार घेऊन आलेल्या मातेच्या शेजारच्या बाकावर 'खाणे थांबतच नाही' अशी तक्रार घेऊन आलेली दुसरी माता बसलेली असते. एकीचे मूल किरकोळ, दुसरीचे गुबगुबीत. तक्रारी परस्परविरुद्ध; परंतु दोन्ही मुलांच्या हातात वस्तू एकच असते, ती म्हणजे आईचा किंवा वडिलांचा मोबाइल. घास भरवताना दोघींनाही त्याचाच आधार घ्यावा लागतो. आजच्या विषयाचे मर्म या दृश्यात आहे.

मूल पडद्यासमोर तासन्‌तास बसते, मैदानावर जात नाही आणि म्हणून त्याचे वजन वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. या विषयाचा गेली चाळीस वर्षे जो अभ्यास झाला, त्यातून एक वेगळीच गोष्ट पुढे आली. पडदा मुलाचे पाय जखडून ठेवतो हे खरे; पण त्याहून अधिक तो मुलाच्या ताटात शिरतो. वजनाची वाट मुख्यतः तिथून जाते. निदान अपुरे असले की उपायही अपुरा पडतो. मुलाला क्रिकेटच्या शिबिरात घातले, पोहायला पाठवले, सायकल घेऊन दिली. आणि रात्रीचे जेवण मात्र पूर्वीप्रमाणेच दूरचित्रवाणीसमोर चालू राहिले, तर वजनाचा काटा हलत नाही. मग पालक निराश होतात आणि मूल अपराधी होऊन बसते. म्हणून प्रथम निदान नीट समजून घेतले पाहिजे.

वेळापत्रक असलेला पडदा

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी चाळीत एखाद्याच घरी संच असे आणि त्या घरच्या बाहेरच्या खोलीत सारी चाळ लोटे. पुढे २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी गावोगावचे रस्ते ओस पडू लागले. पडद्याची मोहिनी तेव्हाही होतीच. परंतु त्या पडद्याला वेळापत्रक होते. कार्यक्रम संपला की संच बंद होई आणि मुले अंगणात पळत. मुलांसाठी असलेला कार्यक्रम आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी लागे. बाकीच्या वेळी पडद्यावर मुलांना रस वाटावा असे फारसे काही नसे.

१९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि वेळापत्रक चोवीस तासांचे झाले. पाठोपाठ केवळ मुलांसाठी चालणाऱ्या वाहिन्या आल्या. २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा इतका स्वस्त झाला की पडदा भिंतीवरून उतरून खिशात आला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि ज्या घरांनी मोबाइल मुलांपासून कटाक्षाने दूर ठेवला होता, त्यांनाही तो शाळेच्या नावाने मुलांच्या हाती द्यावा लागला. शाळा पुन्हा भरल्या; मोबाइल मात्र परत घेतला गेला नाही. पूर्वी पडद्याला मर्यादा बाहेरून पडत असे. आता ती कोणीही घालत नाही. ती घरालाच घालावी लागते, आणि या कामाची सवय आपल्या घरांना नाही.

ही मर्यादा नसली की काय होते, याचा हिशेब सोपा आहे. रोज तीन तास पडद्यासमोर घालवणाऱ्या मुलाचे वर्षाला १,०९५ तास होतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान १,००० तासांचे आणि पहिली ते पाचवीसाठी ८०० तासांचे अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे शाळेपेक्षा अधिक काळ चालणारी एक दुसरी शाळा घराघरात सुरू आहे. तिथे शिक्षक नाहीत, सुट्टी नाही आणि मधल्या सुट्टीत काय खावे हेही तीच शिकवते.

अभ्यासकांना काय आढळले

पडदा आणि वजन यांच्या नात्याकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष प्रथम ठळकपणे वेधले गेले ते १९८५ मध्ये. विल्यम डिएट्झ आणि स्टीव्हन गोर्टमेकर या अमेरिकन संशोधकांनी १९६० च्या दशकातील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाची माहिती तपासली. बारा ते सतरा वर्षांच्या मुलांमध्ये दूरचित्रवाणी पाहण्याचा दिवसाचा प्रत्येक तास वाढला की लठ्ठपणाचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेले त्यांना दिसले. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कदाचित वजनदार मुलांनाच मैदानावर जाण्याचा संकोच वाटत असेल आणि ती घरी बसून पडदा पाहत असतील. या शंकेचे उत्तर निव्वळ आकडेवारीतून मिळणारे नव्हते. त्यासाठी प्रयोग हवा होता.

तो प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. थॉमस रॉबिन्सन यांनी केला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरातील दोन प्राथमिक शाळा त्यांनी निवडल्या. तिसरी-चौथीची १९२ मुले. वय सरासरी नऊच्या आत-बाहेर. एका शाळेत सहा महिन्यांत अठरा पाठ घेतले गेले. आहार कसा असावा किंवा व्यायाम किती करावा याचे ते पाठ नव्हते. पडदा कमी कसा करावा, एवढाच त्यांचा विषय होता. प्रथम दहा दिवस दूरचित्रवाणी पूर्ण बंद. नंतर आठवड्याला सात तासांचा ठरीव शिधा. दुसऱ्या शाळेत काहीच केले नाही. पहिल्या शाळेतील मुलांचे दूरचित्रवाणी पाहणे आठवड्याला सुमारे पंधरा तासांवरून नऊ तासांच्या आसपास आले. वर्षअखेर दोन्ही शाळांतील मुलांची मोजमापे झाली. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा देहभार निर्देशांक वाढत्या वयात वाढणारच. तो पहिल्या शाळेत १८.३८ वरून १८.६७ झाला आणि दुसऱ्या शाळेत १८.१० वरून १८.८१ झाला. कमरेचा घेरही पहिल्या शाळेत कमी वाढला.

आता यातील विचार करण्याजोगा भाग असा की, पडदा कमी झाल्यामुळे ही मुले मैदानावर धावू लागली म्हणावे, तर तसे मोजमापात आढळले नाही. त्यांच्या शारीरिक हालचालीत लक्षणीय फरक नव्हता. फरक आढळला तो पडद्यासमोर बसून केलेल्या जेवणांच्या संख्येत. ती घटली होती. २००८ मध्ये बफेलो येथील संशोधकांनी चार ते सात वर्षांच्या सत्तर मुलांवर असाच प्रयोग केला. घरातील दूरचित्रवाणी आणि संगणक यांना वेळ मोजणारे यंत्र लावून निम्म्या घरांत वापर हळूहळू अर्ध्यावर आणला. दोन वर्षांनी तेच दिसले. त्या मुलांचे वजन तुलनेने आटोक्यात राहिले. हालचाल वाढल्याचे आढळले नाही, पण पोटात जाणारा आहार घटला होता. पडद्याचा परिणाम ताटातून होतो, असे म्हणण्याला हा आधार आहे.

घास आणि लक्ष

जेवण हे केवळ पोटाचे काम नाही, ते लक्षाचेही काम आहे. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचण्यास थोडा अवधी लागतो आणि ती जाणीव ऐकण्यासाठी मन जागेवर असावे लागते. पूर्वी आई चिऊकाऊचे घास भरवीत असे, तेव्हा गोष्ट तिच्या तोंडी असे आणि डोळे मुलाच्या तोंडाकडे असत. मुलाने मान फिरवली, ओठ मिटले, की पोट भरले हे तिला कळे. आता मुलाचे डोळे मोबाइलमध्ये, आईचे घड्याळाकडे. तोंड यंत्रासारखे उघडते आणि घास आत जातो. मूल ताटातील सारे संपवते याचे समाधान मिळते; परंतु 'आता पुरे' हे सांगण्याची निसर्गाने दिलेली शक्ती त्या प्रत्येक घासागणिक थोडी थोडी बोथट होते. किरकोळ मूल आणि गुबगुबीत मूल, दोघांचे नुकसान येथे एकच आहे. दोघांनाही आपली भूक ओळखता येत नाही.

लक्ष नसलेल्या जेवणाची आठवणही राहत नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये तरुण मुलींवर एक छोटा प्रयोग केला. ज्यांनी दुपारचे जेवण दूरचित्रवाणी पाहत घेतले, त्यांनी नंतर समोर ठेवलेली बिस्किटे अधिक खाल्ली आणि आपण दुपारी काय जेवलो हेही त्यांना कमी स्पष्ट आठवले. खाल्लेले स्मरणात नसले की पोट पुन्हा मागते, असा याचा सरळ अर्थ.

दुसरी गोष्ट खाण्याच्या प्रकाराची. वरण-भात कालवून खायचा, भाकरी मोडून भाजीला लावायची, माशाचा काटा काढायचा, तर हाताला आणि डोळ्यांना काम पडते. पडदा पाहताना हे नकोसे होते. पडद्याला सोयीचे खाणे म्हणजे पिशवीत हात घातला की हाती येणारे: वेफर्स, फरसाण, बिस्किटे, शीतपेय. त्यात मीठ, साखर, तेल भरपूर आणि चावण्याचे कष्ट थोडे.

तिसरी गोष्ट जाहिरातींची. २००९ मध्येच येल विद्यापीठातील संशोधकांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलांना एक व्यंगचित्रपट दाखवला. काही मुलांना मध्ये खाद्यपदार्थांच्या जाहिराती दाखवल्या, काहींना इतर वस्तूंच्या. दोघांसमोरही खारी बिस्किटे ठेवली होती. खाण्याच्या जाहिराती पाहणाऱ्या मुलांनी ४५ टक्के अधिक खाल्ले. आणि विशेष म्हणजे त्या जाहिरातींमध्ये समोर ठेवलेला पदार्थ नव्हताच. जाहिरात एखाद्या पदार्थाची भूक लावते असे आपण समजतो. ती खाण्याचीच भूक लावते.

आपल्या देशात या बाबतीत काही पावले पडली आहेत. २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि स्निग्धांश असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि मुलांच्या कार्यक्रमांदरम्यान व केवळ मुलांसाठी असलेल्या वाहिन्यांवर वेफर्स, शीतपेये यांसारख्या पदार्थांच्या जाहिरातींना मज्जाव केला. हे स्वागतार्ह आहे. परंतु मूल काही फक्त मुलांचेच कार्यक्रम पाहत नाही. ते आजोबांच्या मांडीवर बसून क्रिकेटचा सामना पाहते, आजीबरोबर मालिका पाहते, ताईच्या मोबाइलवर कोणीतरी कोणतातरी पदार्थ चवीने खाताना पाहते. कायद्याचे कुंपण जिथे संपते, तिथून घराचे कुंपण सुरू व्हावे लागते.

चौथी गोष्ट झोपेची. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत नऊ ते बारा तासांची झोप आवश्यक मानली जाते. अंथरुणात मोबाइल आला की झोपेचा तासभर सहज गळून जातो. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारे आणि भूक शमवणारे संप्रेरक यांचा तोल ढळतो, थकलेले मूल दुसऱ्या दिवशी गोड-तेलकट मागते आणि संध्याकाळी खेळण्याऐवजी लोळते. कमी झोपणाऱ्या मुलांमध्ये वजनवाढ अधिक आढळते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे.

आपल्या मुलांचा विशेष धोका

आपल्या देशात अजूनही कुपोषण हाच मोठा प्रश्न नाही का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. परंतु त्याच सर्वेक्षणात याच वयोगटातील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण ३.४ टक्के होते आणि आधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ते २.१ टक्के होते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार भारतातील पाच ते एकोणीस वयाच्या लठ्ठ मुलामुलींची संख्या १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती. २०२२ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाख झाली. उपासमार संपण्याआधीच अतिपोषणाने दार ठोठावले आहे, आणि दोन्ही संकटे एकमेकांशी जोडलेली आहेत.

ती कशी, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून जगाला कळले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. येथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बाळांच्या अंगावर स्नायू जितके कमी होते, तितकी चरबी कमी नव्हती. बारीक दिसणारी, तरी आतून चरबी बाळगणारी ही बाळे. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण 'लॅन्सेट'मध्ये छायाचित्रासह मांडले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

याचा अर्थ असा की, ज्या वजनाला युरोपातील मूल निरोगी ठरते, त्याच वजनाला आपले मूल धोक्याच्या उंबरठ्यावर असू शकते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी सुधारित वाढ-आलेख दिले. त्यात प्रौढपणीच्या २५ आणि ३० या निर्देशांकांऐवजी २३ आणि २७ यांच्याशी जुळणाऱ्या रेषा अतिवजन आणि लठ्ठपणा यांसाठी धरल्या, त्यामागे हेच कारण आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. आजचे 'गुटगुटीत' मूल त्या रांगेत विशीत-तिशीतच जाऊन उभे राहू नये, हा खरा प्रश्न आहे. बाळसे आणि मेद यांतील फरक आपण विसरलो आहोत.

घरच्या घरी अंदाज घेण्यासाठी एक साधा उपाय आहे. पाच वर्षांवरील मुलाच्या उंचीइतका दोरा घ्यावा आणि तो मधोमध दुमडावा. दुमडलेला दोरा मुलाच्या कमरेभोवती पुरला तर सहसा चिंता नाही. पुरला नाही, म्हणजे कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक झाला, तर डॉक्टरांना दाखवावे.

दोष मुलाचा नव्हे

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. प्रत्येक वजनदार मुलाचे कारण पडदाच असते असे नाही. आनुवंशिकता असते, क्वचित ग्रंथींचे विकार असतात, काही औषधांचा परिणाम असतो, घराजवळ खेळायला मैदानच नसते. पडदा कमी केला की वजन झपाट्याने उतरते, असेही कोणत्या प्रयोगाने सिद्ध केलेले नाही. वरच्या प्रयोगांतही फरक अंशांचाच आहे. परंतु वाढत्या वयात वर्षानुवर्षे साचणारा छोटा फरकच पुढे मोठा होतो.

आणखी महत्त्वाचे म्हणजे मुलाच्या वजनाची चेष्टा घरात होता कामा नये. 'ढब्ब्या', 'गोलू' अशी लाडाची नावे आपण सहज ठेवतो आणि पाहुण्यांसमोर उच्चारतो. ते मूल हसते, पण मैदानावर जाणे टाळू लागते आणि एकटे बसून पडद्याचाच आसरा घेते. ज्या घराने मोबाइल हाती दिला, ज्या घराने वेफर्सची पिशवी आणली, त्या घराने मुलालाच दोषी ठरवणे हा अन्याय आहे. तसेच हा दोष केवळ मातेच्या पदरात टाकणेही तितकेच अन्याय्य. स्वयंपाक, नोकरी आणि घरातील वृद्धांची शुश्रूषा एकटीने निभावणारी स्त्री अर्ध्या तासाच्या उसंतीसाठी मुलाला मोबाइल देते, तेव्हा त्या घरातील पुरुष कोठे असतात, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

घराने काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मर्यादा सांगितल्या. एक वर्षाच्या आत पडदा मुळीच नको. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही अशाच आहेत. दोन वर्षांपर्यंत, दूरच्या आप्तांशी होणारे दृश्य-संभाषण वगळता, पडदा नाही. दोन ते पाच वर्षांत कमाल एक तास. पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. हे आकडे उपयोगी आहेत. परंतु आकड्याने सुरुवात केली की रोज भांडण होते. सुरुवात जागेने करावी.

पहिली जागा ताटाची. ताट वाढले की घरातील सर्व पडदे बंद. मुलाचा, वडिलांचा, आजोबांच्या बातम्यांचा आणि आजींच्या मालिकेचाही. भिंतीवरचा संच बंद करून बाबांचा मोबाइल ताटाशेजारी चालू राहिला, तर मूल नियम शिकत नाही, ढोंग शिकते. एकत्र पंगतीला बसण्याची, जेवणापूर्वी क्षणभर हात जोडून अन्नाचे स्मरण करण्याची जी रीत आपल्या घरांत होती, तिचे एक फळ हेही होते की जेवणाऱ्याचे चित्त ताटावर येत असे. दोन्ही वेळा सर्वांनी एकत्र बसणे आजच्या धावपळीत जमत नसेल, तर एक वेळ तरी जमवावी. ज्या लहानग्याला मोबाइलविना घास जात नाही, ते पहिले चार-सहा दिवस कमी जेवेल, रडेल. निरोगी मूल भूक लागली की खाते. मूल किरकोळ असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, म्हणजे धीर धरणे सोपे जाते.

दुसरी जागा अंथरुणाची. झोपण्याच्या तासभर आधी घरातील सारे मोबाइल एका ठरलेल्या जागी, स्वयंपाकघरातील फळीवर म्हणा किंवा बाहेरच्या खोलीतील टेबलावर, चार्जिंगला लावावेत. मोठ्यांचेही तेथेच असावेत.

तिसरी गोष्ट शिध्याची. सॅन होजेच्या मुलांना आठवड्याचा हिशेब दिला होता, तसा तो मुलाच्या हाती द्यावा. किती तास, हे घराने ठरवावे; कोणता कार्यक्रम, हे मुलाने. वाट पाहणे आणि निवड करणे हे त्यातून आपोआप शिकले जाते. मोबाइल हे बक्षीस नको आणि शिक्षाही नको. जी वस्तू बक्षीस होते, तिचे मोल वाढते. तसेच वेफर्सची पिशवी तोंडाला लावून खाण्याऐवजी वाटीत काढून, जेवणाच्या जागी बसून खावी.

चौथी गोष्ट रिकाम्या झालेल्या वेळेची. काढून घेतलेल्या पडद्याच्या जागी काही दिले नाही, तर पडदा परत येतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंगडी, लगोरी, खो-खो, आट्यापाट्या यांना साहित्य जवळजवळ लागत नाही. लागतात ती माणसे. सोसायटीच्या आवारात 'येथे खेळू नये' अशी पाटी लावणाऱ्यांनी, ती मुले मग कोठे बसतात याचाही विचार करावा. आणि घरकाम हीसुद्धा हालचालच आहे. पाणी भरणे, अंथरुणे घालणे, शेंगा सोलणे, ताटे मांडणे यांत मुलगा आणि मुलगी दोघांनाही घ्यावे.

एकट्या घराचे काम नव्हे

इतके सांगूनही एक अडचण उरते. एका घराने पडदा बंद केला, तर मूल शेजारच्या घरी जाऊन पाहते आणि शाळेत सवंगड्यांमध्ये एकटे पडते. या अडचणीचे उत्तर सांगली जिल्ह्यातील एका गावाने दिले. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरवले की, संध्याकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत साऱ्या गावातील दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद राहतील. आरंभी काहींनी हा विचार हसण्यावारी नेला. मग गावातील स्त्रियांची सभा झाली. आपणही मालिकांच्या अधीन झालो आहोत, हे त्यांनी मोकळेपणी मान्य केले आणि निर्णयाच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या दिवसांत घरोघरी फिरून आठवण करून द्यावी लागली.

त्या गावाचा हेतू वजनाचा नव्हता. टाळेबंदीनंतर मुलांचे अभ्यासातून उडालेले लक्ष परत आणावे आणि घरातील माणसांनी एकमेकांशी बोलावे, एवढाच होता. परंतु त्याने जी वेळ निवडली, ती दिवेलागणीनंतरची, अभ्यासाची, गप्पांची आणि पुष्कळ घरांत जेवणाचीही वेळ आहे. आणि त्याने जी रीत निवडली, तिच्यात मुलांवर वेगळा नियम नव्हता. सरपंचाच्या घरी आणि शेतमजुराच्या घरी, आजोबांना आणि नातवाला, नियम एकच होता. 'सगळ्यांचे बंद आहे' हे वाक्य ज्या मुलाला म्हणता येते, त्याला पडदा सोडणे जड जात नाही.

एखाद्या गावाला जे साधले, ते एका इमारतीला, एका गल्लीला, एकाच वर्गातील दहा मुलांच्या पालकांना साधणे अवघड नाही. त्यासाठी भोंगाही लागत नाही. शाळेच्या पालकसभेत हा विषय काढावा, चार घरांनी एकच वेळ ठरवावी, एकमेकांना महिनाभर विचारत राहावे. उद्यापासून आदर्श दिनक्रम सुरू करण्याचा संकल्प कोणी करू नये. असे संकल्प आठवडाभर टिकतात. आज रात्री घरी गेल्यावर फक्त एक जेवण पडद्याविना व्हावे आणि त्या जेवणाला घरातील थोरामोठ्यांसह सर्वजण बसावेत. मूल काय खाते, किती खाते आणि कुठे थांबते, हे कित्येक महिन्यांनी प्रथमच घराच्या लक्षात येईल. पुढचे उपाय ते घर स्वतःच शोधून काढील.